मेंढ्यांनी तुडवलेलं तळं

जुन्या खाणीच्या माळावर चार एकरांचं तळं झालं आणि ते मेंढ्यांनी बांधलं, असं सांगितलं की ऐकणारा आधी हसायचा आणि मग विचारायचा, "मग मुकादम कोण होता, एडका का?"

मुकादम एडका नव्हता, बावन्न वर्षांची एक बाई होती. सगळे तिला चिखलताई म्हणायचे. तिला त्याचं काही वाटत नसे, कारण नाव ठेवणाऱ्यांपैकी एकालाही चिखलातलं ओ की ठो कळत नव्हतं.

माळ म्हणजे तरी काय? तीस वर्षं लोकांनी तिथून मुरूम उपसला, रस्ते केले, घरांचे पाये भरले, आणि उपसायला काही उरलं नाही तेव्हा हात झटकून निघून गेले. मागे राहिली पांढरी, टणक, उघडी जमीन. कुसळसुद्धा उगवायचं नाही. वारा सुटला की तिथली धूळ उठायची ती थेट घरात. ताटावर ताट झाकून जेवायचं, वाळत घातलेले कपडे दोनदा झटकायचे, दवाखान्यात खोकणाऱ्यांची रांग लागायची. हे लोकांच्या इतकं अंगवळणी पडलं होतं की धुळीची तक्रार करणाराच वेडा ठरायचा.

शेवटी जलसंधारण खात्यानं ठरवलं की या जागेवर तीन उथळ तळी करायची. पाणी असलं की धूळ बसेल, काठानं गवत धरेल, हवा थोडी गार होईल, पाखरं येतील. अट एकच होती. पहिल्या तळ्यात पाणी टिकलं तर पुढच्या दोन तळ्यांना मंजुरी, नाहीतर सगळी जागा पाडलेल्या इमारतींचा राडारोडा टाकायला द्यायची. म्हणजे पुन्हा धूळ, आणि तीही सिमेंटची.

तळ्याच्या बुडाला अंथरायला प्लॅस्टिकचा जाड कागद मिळतो. तो विकणारा माणूस पहिल्याच दिवशी नमुन्यांची पिशवी घेऊन हजर झाला. सगळे त्याला कागदवालाच म्हणत. त्याचा कागद जवळजवळ पास झाला होता. तेवढ्यात, फावडं पुसत मागे उभी असलेली चिखलताई बोलली. तिला कुणी विचारलं नव्हतं.

"कागद पाच वर्षांत फाटेल. मग पाणी जाईल आणि कागद तेवढा राहील. त्यापेक्षा त्या ढिगाऱ्याखालची पिवळी माती घ्या. मी खाणीत कामाला असताना ती फावड्याला चिकटली की खरवडून काढावी लागायची. जी माती फावडं सोडत नाही ती पाणी कशाला सोडेल?"

खात्याच्या साहेबांनी तिच्याकडे असं पाहिलं जसं काही फावडंच बोललं. पण इंजिनियरबाई पुढे आली. वयानं लहान, खात्यात नवीन, पण मातीचा गोळा हातात घेऊन मळून बघायची लाज नसलेली. तिनं माती तपासायला पाठवली, आठवड्यानं निकाल आला, आणि तिनं साहेबांसमोर सांगितलं, "ही बाई म्हणते ते बरोबर आहे. माझ्या सहीवर करू." तेव्हापासून दोघींचा शब्द एकमेकींत अडकला.

माती नुसती पसरून भागत नाही. हातभर थर द्यायचा, भिजवायचा आणि तुडवायचा, इतका की त्यातली हवा निघून जाईल आणि माती एकजीव होईल. असे तीन थर. रोलर आणला तर तो दोनदा चिखलात रुतला आणि त्याला ओढायला आणलेला ट्रॅक्टरही रुतला. कागदवाला बांधावर उभा राहून बघत होता आणि त्याला फार मजा येत होती. मग चिखलताईनं ओळखीच्या मेंढपाळाला निरोप पाठवला. दोनशे वीस मेंढ्या एकोणीस दिवस त्या चिखलात या टोकाकडून त्या टोकाला फिरल्या. मेंढीचा खूर लहान, वजन सगळं त्या एवढ्याशा खुरावर, त्यामुळे माती अशी दाबली जाते की यंत्रानं तोंडात बोट घालावं. फक्त ईशान्येच्या कोपऱ्यात, जिथे खडकाची धार वर आली होती, तिथे मेंढ्या काही केल्या जाईनात. तो कोपरा चिखलताईनं आणि सहा बायकांनी स्वतःच्या पायांनी तुडवला. शेवटच्या दिवशी तिच्या अंगात ताप होता. ती ते कुणाला बोलली नाही आणि विसरलीही नाही.

पावसाळ्यात नाल्याचं पाणी आत वळवलं आणि तळं भरलं. हिवाळाभर भरलेलं राहिलं. काठाला लव्हाळा धरला, एका टिबुकलीनं पाण्यावर तरंगतं घरटं बांधलं, आणि त्या वर्षी वारा सुटला तरी ताटावर ताट झाकावं लागलं नाही. मेंढ्यांवरून हसणारे लोक संध्याकाळी बांधावर फिरायला येऊ लागले आणि जणू आपणच तुडवलं अशा थाटात पाहुण्यांना तळं दाखवू लागले.

मग उन्हाळा लागला आणि पाणी उतरू लागलं.

उन्हाळ्यात पाणी उतरणारच. प्रश्न एवढाच की वर जातंय की खाली. वर गेलं तर ते उन्हाचं काम, त्याला कुणाचा इलाज नाही. खाली गेलं तर बूड फुटलं. हे ओळखायची रीत सोपी आहे. तळ्याच्या पाण्यात एका दगडावर बादली ठेवायची, तीतही तळ्याचंच पाणी भरायचं आणि खूण करायची. बादलीवरही तेच ऊन आणि तोच वारा, पण बादलीला भोक नाही. ठरल्या दिवसांनी दोन्ही मोजायचं. दोन्हींतलं पाणी सारखंच उतरलं तर तळं शाबूत. तळं जास्त उतरलं तर जेवढा फरक तेवढी गळती. खात्याची मर्यादा होती दिवसाला दोन मिलिमीटर.

इंजिनियरबाईनं जस्ताची बादली आणली, आतून लाल रंगाची रेघ मारली, काठापासून चार पावलांवर लव्हाळ्याच्या आडोशाला ठेवली आणि बजावलं, "रोज उतरून मोजायचं नाही. पाणी हलतं, बादली हलते. दहा दिवसांनी एकदाच बघायचं. साहेब त्यानंतरच्या गुरुवारी येतील."

दहाव्या दिवशी सकाळी चिखलताई पट्टी घेऊन पाण्यात उतरली. तळं एकाहत्तर मिलिमीटर उतरलं होतं. बादली एकोणतीस.

तिनं पट्टी पुसली आणि परत लावली. एकोणतीस. तिसऱ्यांदा लावली, कारण माणसाला वाटतं की पट्टीला दया येईल. एकोणतीसच.

दिवसाला चार मिलिमीटरच्या वर. ऐकायला काहीच नाही, पण चार एकरांवर पसरलं की रोजचे सहा-सात टँकर पाणी जमिनीत जात होतं. तो ईशान्येचा कोपराच असणार. ताप अंगात घेऊन तुडवलेला.

बांधावर चिटपाखरू नव्हतं. बादलीतून दहा-बारा ओंजळी पाणी काढून टाकलं असतं की हिशेब जुळला असता. साहेब खूश, इंजिनियरबाईची सही शाबूत, पुढची तळी मंजूर. तिचा हात पाण्यात गेला. मनगटापर्यंत गेला, हे तिनं पुढे स्वतःच सांगितलं. मग तिनं तो बाहेर काढला, कपड्याला पुसला आणि इंजिनियरबाईला फोन लावून खरा आकडा सांगितला.

"लव्हाळ्याच्या सावलीनं बादली थोडी कमी आटली असेल," इंजिनियरबाई म्हणाली, "पण इतका फरक सावलीनं पडत नाही हो, ताई." आणि तिचा आवाज लहान मुलीसारखा झाला.

बातमीला पाय फुटतात. दुसऱ्याच दिवशी कागदवाला पिशवी घेऊन बांधावर. "आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, म्हणतात ना? तुमचं उलटं झालं, चिखलताई. पोहऱ्यात आहे, आडात नाही!" आणि स्वतःच्याच विनोदावर तो पोट धरून हसला. चिखलताईनं त्याच्याकडे पाठ फिरवली आणि ईशान्येच्या कोपऱ्यात उतरून पायानं भोक शोधू लागली.

घरी ती एक अक्षर बोलली नाही. नवरा ट्रक घेऊन महिन्यातले वीस दिवस बाहेर, त्यामुळे घरात ती आणि तिचे सासरे. मामंजींचं वय अठ्ठ्याहत्तर, अधूनमधून छातीत धडधडायचं. बस थांब्यावरच्या बाकावर बसून ते येणाऱ्याजाणाऱ्याला थांबवून "आमच्या सूनबाईचं तळं बघितलंत का?" असं विचारायचे, आणि "बघितलं" म्हटलं तरी सोडायचे नाहीत. त्यांना काय सांगायचं? तळ्यावर मोजणी चालू आहे हेसुद्धा तिनं त्यांना सांगितलं नव्हतं. सांगितलं की ते झोपणार नाहीत, आणि ते झोपले नाहीत की तिला झोपू देणार नाहीत.

बुधवारी संध्याकाळी दोघं जेवायला बसले. तिनं एक घास पंधरा वेळा चावला तरी तो खाली उतरेना.

"सूनबाई," मामंजी म्हणाले, "तीन दिवस बघतोय. भाजीत मीठ नाही आणि तोंडात शब्द नाही. झालंय काय?"

आणि तिचा बांध फुटला. "मामंजी, तळं गळतंय. उद्या साहेब येतील. पाणी सोडून देतील आणि जागा राडारोड्याला देतील. त्या पोरीनं माझ्या भरवशावर सही केली हो. मीच तोंड वर करून म्हटलं होतं, माती धरेल म्हणून."

मामंजींनी घास ताटात ठेवला. "गळतंय हे कुणी सांगितलं?"

"बादलीनं."

"बादली काय सांगणार?"

तिनं डोळे पुसत सगळं सांगितलं. पाण्यातला दगड, जस्ताची बादली, लाल रेघ, तेच ऊन, तोच वारा. तळं एकाहत्तर, बादली एकोणतीस.

मामंजी ताटाकडे बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "त्या बादलीवर ऊन पडतं, सूनबाई."

"पडणारच की."

"मग पाणी आटणार."

"आटायलाच हवं. पण तळ्याएवढं आटत नाही ना, तेच तर दुखणं आहे."

"आटतं," मामंजी म्हणाले. "मी भरतो."

तिनं ताट बाजूला सारलं.

"तुम्ही काय करता?"

"भरतो. दोन-तीन दिवसांनी दुपारचा जातो ना मी तिकडे, टिबुकली बघायला. तू तेव्हा पलीकडे गवत लावत असतेस. बघतो तर काय, चहूकडे पाणी आणि मधे बादली उणी! बरं दिसतं का ते? आत लाल रेघ. म्हटलं, रेघ मारलीय म्हणजे तिथवर भरायची असणार, कुणीतरी आळस केलाय. माझ्या पेल्यानं भरायचो. मागच्या आठवड्यात चार दिवस गुडघ्यानं उठू दिलं नाही, नाहीतर तुला रेघेला लागलेली दिसली असती."

आता हे कळायला मामंजी कळायला हवेत. मोठ्या दवाखान्यात चार मजल्यांवर पिण्याच्या पाण्याची पिंपं भरायचं काम त्यांनी चौतीस वर्षं केलं. प्रत्येक पिंपाला आतून लाल रेघ असायची आणि पाणी रेघेखाली जाऊ द्यायचं नाही हा नियम. सुरुवातीच्या वर्षात एकदा तिसऱ्या मजल्यावरचं पिंप रिकामं राहिलं होतं. एक बाई आजारी नवऱ्यासाठी पेला घेऊन आली आणि तोटी दोनदा फिरवून काही न बोलता परत गेली. तिनं शिव्या दिल्या असत्या तर मामंजी विसरले असते. ती बोलली नाही, म्हणून चौतीस वर्षं आणि त्यानंतरही त्यांना उणं भांडं बघवत नसे. घरातसुद्धा पाहुण्यांनी अर्धा ग्लास पाणी पिऊन खाली ठेवला की मामंजी लगेच तो भरायचे. पाहुणे बिचारे पिऊन पिऊन थकायचे.

चिखलताई आधी हसली. मग रडली. मग दोन्ही एकदम करायला लागली तेव्हा मामंजी घाबरले आणि सवयीनं तिचा ग्लास भरायला उठले.

"काखेत कळसा आणि गावाला वळसा," ती म्हणाली. "मी कोपऱ्यात पाय खुपसून खुपसून भोक शोधतेय, आणि भोक माझ्या घरात जेवतंय!"

तिनं तिथूनच इंजिनियरबाईला फोन लावला. पण फोन ठेवता ठेवता तिच्या लक्षात आलं की अजून काहीच सुटलेलं नाही. मामंजींनी बादली भरली याचा अर्थ मोजणी चुकली एवढाच. तळं धरून आहे असा त्याचा अर्थ नाही. आणि ऐन साहेबांच्या भेटीच्या दिवशी मुकादमाचे सासरे येऊन सांगणार, मी पाणी घातलं. यावर कोण विश्वास ठेवणार?

गुरुवारी बांधावर साहेब, इंजिनियरबाई, चिखलताई, आणि कुणी न बोलावलेला कागदवाला. मामंजी धुतलेला सदरा घालून, हातात पेला घेऊन उभे. त्यांनी सगळं सांगितलं. कागदवाल्यानं तोंडावर रुमाल धरला.

साहेब हसणारे गृहस्थ नव्हते. "पण तुम्ही ती का भरलीत?" त्यांनी विचारलं.

"साहेब," मामंजी म्हणाले, "ती रिकामी होत होती."

साहेबांनी चष्मा काढून पुसला. त्यांच्या नोकरीत त्यांना पुष्कळ कारणं ऐकायला मिळाली होती, हे नव्हतं मिळालं. "ठीक आहे," ते म्हणाले. "आजपासून तीन दिवस. पाणी माझ्यासमोर भरा. वर तारेची जाळी बांधायची, तिला माझं शिशाचं सील. रविवारी सकाळी मी स्वतः मोजतो. फरक दिवसाला दोनच्या वर गेला की विषय संपला."

जाळी बांधली, सील दाबलं, साहेब गेले.

ते तीन दिवस चिखलताईला जड गेले, पण खरी शिक्षा झाली मामंजींना. त्यांना कुणी सांगितलं नव्हतं तरी ते सकाळपासून छत्री घेऊन काठावर बसू लागले. कुत्रं आलं तर हाकलायचे, मुलं दगड मारायला लागली तर ओरडायचे. आणि उरलेला वेळ जाळीतून बादलीकडे बघायचे. पहिल्या दिवशी रेघ ओली होती. दुसऱ्या दिवशी रेघ वर राहिली आणि पाणी खाली गेलं. मामंजींनी पेला सदऱ्याच्या खिशात घातला, मग काढला, मग चिखलताईकडे दिला. "हा तुझ्याकडेच ठेव," म्हणाले. "माझा माझ्या हातावर भरवसा नाही."

तिला त्यांची इतकी माया आली की तिनं डबा उघडून तिथेच त्यांच्याशेजारी बसकण मारली. दोघं गप्प बसून एका बादलीतलं पाणी आटताना बघत होते. रस्त्यानं जाणाऱ्यांना वाटलं असेल, या घराला उन्हाची बाधा झालीय.

"मामंजी, त्या कोपऱ्याचं मला भय वाटतं," ती म्हणाली. "तुडवताना अंगात ताप होता."

"तुला तो ताप अजून आठवतोय ना?" मामंजी म्हणाले. "मग कोपरा चांगलाच तुडवला असशील. ज्याला आपली कुचराई आठवते तो दुप्पट करतो. मला विचार."

रविवारी साहेब आठ वाजता आले. पँट गुडघ्यापर्यंत दुमडून स्वतः पाण्यात उतरले. इंजिनियरबाई त्यांच्या मागे वही-पेन घेऊन. आधी त्यांनी तळ्यातल्या खांबावरची मोजपट्टी वाचली. "बावीस." मग सील तोडलं, जाळी काढली, वाकून बादलीत पट्टी धरली. चिखलताईनं डोळे मिटून घेतले. आता ऐकायला येईल ते ऐकायचं, बघायचं नाही.

"एकवीस," साहेब म्हणाले.

मग खात्रीसाठी साहेबांनी स्वतःच पुन्हा पट्टी लावली, आणि पहिल्यांदाच त्यांचा चेहरा थोडा सैल झाला. "एकवीसच. तीन दिवसांत एक मिलिमीटरचा फरक. एवढा तर पट्टी वाचण्यातसुद्धा पडतो. बाई, तुमचं तळं कुठेही जात नाहीये. पुढच्या दोन्हींना माती कधी टाकताय?"

इंजिनियरबाई होती तिथेच ओल्या काठावर बसली, वही चिखलात, आणि तोंडावर हात घेऊन हसायला लागली. कागदवाला पिशवी या हातातून त्या हातात घेत म्हणाला, "मेंढपाळाचा पत्ता मिळेल का?" माणूस व्यापारी होता, पण वाईट नव्हता.

जीव भांड्यात पडणं म्हणजे काय ते चिखलताईला त्या सकाळी नीट कळलं, कारण भांडंही समोरच होतं. ईशान्येच्या कोपऱ्यावर ऊन पसरलं होतं आणि टिबुकली तीन इवल्याशा पिल्लांना मागे घेऊन त्या कोपऱ्यातूनच पोहत निघाली होती.

मग तिला मामंजी दिसले. ते बाकीच्यांपासून दूर उभे होते. आनंद त्यांच्या तोंडावर मावत नव्हता, पण डोळे मात्र एकसारखे त्या बादलीकडे वळत होते. उघडी, सील तुटलेली, रेघेखाली गेलेली बादली. ते काही मागत नव्हते. आता कुठल्या तोंडानं मागणार?

चिखलताईनं खिशातून त्यांचा पेला काढला आणि त्यांच्या हातात दिला.

"भरा आता, मामंजी."

मामंजींनी साहेबांकडे पाहिलं. साहेबांनी बाजूला होऊन त्यांना वाट दिली. म्हातारा एका हातात काठी आणि एका हातात पेला घेऊन पाण्यात उतरला, वाकला आणि भरू लागला. एक पेला, दुसरा, तिसरा. पाणी लाल रेघेला लागलं, रेघ बुडाली, तरी ते भरतच राहिले, आणि बादली काठोकाठ होऊन पाणी परत तळ्यात सांडेपर्यंत त्यांना कुणी थांबवलं नाही.